विश्लेषण : सहल म्हणजे सुट्टी की शिक्षण? शहरालाच शाळा मानणारे पॅट्रिक गेडिस कोण होते?

डिसेंबर-जानेवारी आला की शाळांमध्ये सहलीची लगबग सुरू होते. एसटी ठरते, पालकांची संमतिपत्रे जमा होतात, एका दिवसात चार-पाच ठिकाणे ‘उरकून’ मुले रात्री उशिरा परततात. दुसऱ्या दिवशी धडा जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. सहलीचा संबंध उरतो तो फार तर निबंधापुरता. दुसरीकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. या दिवसांत मुलांनी वर्गाबाहेर पडून सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडून शिकावे, असे अपेक्षित आहे. पण बाहेर नेऊन नेमके शिकवायचे काय, हा प्रश्न शिक्षकांपुढे आहेच. शंभर वर्षांपूर्वी मुंबई विद्यापीठात शिकवून गेलेल्या एका स्कॉटिश प्राध्यापकाने जवळपास सारे आयुष्य या प्रश्नाला वाहिले होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांची ओळख काय?

जगात गेडिस ओळखले जातात ते आधुनिक नगररचनेचे एक जनक म्हणून. भारतात समाजशास्त्राचे विद्यार्थी त्यांना मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक म्हणून ओळखतात. मुळात मात्र ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वनस्पतिशास्त्र, भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र, नगररचना असा त्यांचा प्रवास झाला. या सगळ्या विषयांना जोडणारा धागा एकच होता. कोणताही विषय आधी डोळ्यांनी पाहावा, पायांनी चालावा, हातांनी करून पाहावा आणि मग पुस्तक उघडावे, असा त्यांचा आग्रह होता.

बालपण कसे गेले?

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ या शहराजवळ राहायला आले. घर किनूल टेकडीच्या उतारावर होते. खाली टे नदी, नदीकाठी शहर, पलीकडे शेते आणि दूरवर डोंगर. वडिलांबरोबर बागेत काम करणे, टेकडीवर भटकणे, दगड आणि पाने गोळा करणे यात त्यांचे बालपण गेले. मुलाचा ओढा पाहून आई-वडिलांनी त्याला प्रयोगांसाठी छोटी खोलीही करून दिली.

टेकडीवरून दिसणाऱ्या त्या दृश्यात पुढच्या विचारांचे बीज होते. डोंगरात खाण आणि जंगल, उतारावर मेंढपाळ, खाली शेतकरी, नदीच्या मुखाशी कोळी आणि बंदर. जमीन बदलते तसे काम बदलते आणि काम बदलते तसे लोकांचे जगणे बदलते. पुढे १९०९ च्या सुमारास त्यांनी हेच ‘दरीचा छेद’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या आकृतीत मांडले. डोंगरापासून समुद्रापर्यंतचा एक उभा काप घेऊन त्यावर माणसांचे व्यवसाय दाखवणारी ही आकृती आजही नगररचनेच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते.

पदवी का घेतली नाही?

शाळा संपल्यावर घरच्यांच्या इच्छेनुसार त्यांनी सुमारे दीड वर्ष बँकेत नोकरी केली. मन रमले नाही. १८७४ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी गेले, पण आठवडाभरातच बाहेर पडले. वाळवलेल्या, चिरलेल्या वनस्पतींचा अभ्यास त्यांना रुचला नाही. मग ते लंडनला गेले आणि प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांच्याकडे काही वर्षे शिकले. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही.

१८७८ मध्ये ते फ्रान्समधील रॉस्कॉफ येथील सागरी संशोधन केंद्रात गेले. तेथे समुद्रकिनाऱ्यावरच जिवंत प्राण्यांचा अभ्यास होत असे. पॅरिसमध्ये त्यांची ओळख फ्रेडरिक ल प्ले या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या विचारांशी झाली. ल प्ले कामगार कुटुंबांच्या घरी जाऊन त्यांचे काम, जमाखर्च आणि राहणीमान नोंदवत असत. समुद्रातला जीव त्याच्या परिसरात पाहायचा, तर माणूसही त्याच्या परिसरातच पाहायला हवा, हे गेडिस यांच्या मनात पक्के झाले ते इथे.

दृष्टी गेली तेव्हा काय झाले?

१८७९ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांचे डोळे बिघडले. कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या पंचविशीतल्या शास्त्रज्ञासाठी हा मोठा आघात होता. अंधारात चाचपडताना खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हाताला लागल्या. प्रत्येक चौकटीत एक कल्पना ठेवली तर शेजारच्या चौकटीशी तिचे नाते काय, असा विचार ते करू लागले. पुढे कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे आणि त्यात विषयांची मांडणी करायची ही सवय त्यांना जन्मभर राहिली.

दृष्टी परतली, पण सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे अवघड झाले. इथून त्यांचे लक्ष अधिकाधिक मोठ्या जिवाकडे, म्हणजे शहराकडे वळले.

‘स्थळ, काम, लोक’ हे सूत्र काय आहे?

ल प्ले यांच्या विचारांतून गेडिस यांनी तीन शब्दांचे सूत्र घेतले : स्थळ, काम आणि लोक. कोणत्याही गावात गेल्यावर तीन प्रश्न विचारायचे. ही जागा कशी आहे? इथे लोक कोणते काम करतात? आणि त्या कामामुळे ते कसे जगतात?

पहिल्या प्रश्नात भूगोल आणि विज्ञान येते. दुसऱ्यात अर्थशास्त्र, गणित, तंत्र येते. तिसऱ्यात इतिहास, भाषा, नागरिकशास्त्र येते. खरी गंमत मात्र प्रश्न एकमेकांशी जोडण्यात आहे. नदीला पाणी कमी झाले तर कोणाचे काम थांबते? एखादा व्यवसाय बंद पडला तर गल्लीचे काय होते? शाळेच्या वेळापत्रकात तासातासांनी वेगळे केलेले विषय रस्त्यावर मात्र एकत्रच भेटतात, हे गेडिस यांचे मुख्य म्हणणे होते.

आउटलुक टॉवर म्हणजे काय होते?

१८८० पासून गेडिस एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रात्यक्षिक शिकवू लागले. १८८६ मध्ये त्यांचे अॅना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. हे जोडपे चांगल्या वस्तीतले घर सोडून एडिंबराच्या जुन्या, दाटीवाटीच्या गरीब वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंती रंगवल्या, अंगणे साफ केली, पडीक जागांवर बागा केल्या. पुढे त्यांची मुलगी नोरा हिनेही या बागांचे काम पुढे नेले.

१८९२ मध्ये गेडिस यांनी एडिंबराच्या किल्ल्याजवळची एक जुनी इमारत घेतली आणि तिचे नाव ठेवले आउटलुक टॉवर. या इमारतीच्या माथ्यावर ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ होता. छतावरचा आरसा आणि भिंग यांच्या साहाय्याने बाहेरच्या शहराचे हलते चित्र अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या गोल टेबलावर उमटत असे.

पाहुण्याला आधी थेट वर नेले जाई. तिथे तो आपलेच शहर नव्या नजरेने पाही. मग खाली उतरत जायचे. एक मजला एडिंबराचा, त्याखाली स्कॉटलंड, त्याखाली इंग्रजी भाषक देश, मग युरोप आणि तळाशी जग. म्हणजे आधी डोळ्यांसमोरचे गाव, मग देश, मग जग. वाटेत एक छोटी, जवळपास रिकामी खोलीही होती. जे पाहिले त्यावर शांत बसून विचार करण्यासाठी. पाहणे आणि विचार करणे यांच्यात थोडी सवड हवी, हे त्यांनी इमारतीच्या रचनेतच बसवले होते.

ही इमारत आजही उभी आहे आणि तिथला कॅमेरा ऑब्स्क्युरा एडिंबरातील पर्यटकांचे आकर्षण आहे.

ते स्वतः कसे शिकवत?

१८८८ ते १९१९ या काळात गेडिस डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. अट अशी की वर्षातून फक्त उन्हाळ्याच्या सत्रात शिकवायचे. उरलेला वेळ इतर कामांसाठी मोकळा. डंडीत त्यांनी कॉलेजच्या आवारात बाग उभी केली आणि तीच प्रयोगशाळा मानली.

एडिंबरात त्यांनी उन्हाळी वर्ग सुरू केले. त्यात शिक्षकांचा मोठा सहभाग असे. सकाळी व्याख्याने आणि दुपारनंतर शहरात किंवा आसपासच्या परिसरात फेरफटका, असा क्रम असे. प्रसिद्ध फ्रेंच भूगोलतज्ज्ञ एलिझे रेक्ल्यू यांच्यासारखे अभ्यासक या वर्गांना येत. शिक्षकाने आधी स्वतः पाहायला शिकावे, मग मुलांना न्यावे, असा या वर्गांचा हेतू होता.

नोरा, अॅलस्डेअर आणि आर्थर या आपल्या तिन्ही मुलांना त्यांनी बरीच वर्षे घरीच शिकवले. बागकाम, सुतारकाम, चित्रकला, संगीत आणि भटकंती हा त्यांचा अभ्यासक्रम होता. लेखन, वाचन आणि गणित याआधी हृदय, हात आणि डोके यांना वळण लागले पाहिजे, असे गेडिस मानत.

भारतात कसे आले?

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये गेडिस भारतात आले. नकाशे, छायाचित्रे आणि चित्रांचे त्यांचे ‘शहरांचे प्रदर्शन’ वेगळ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध पेटले होते. ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि अनेक वर्षांचे काम समुद्रात गेले. ब्रिटनमधील सहकाऱ्यांनी घाईने नवे साहित्य जमवले आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलेच.

पुढच्या काही वर्षांत गेडिस यांनी भारतातील सुमारे ५० शहरांविषयी अहवाल लिहिले. बडोदे, लखनौ, लाहोर, कपूरथळा, इंदूर ही त्यातली काही नावे. त्यांची पद्धत ठरलेली होती. पहाटेपासून पायी फिरायचे. विहिरी, तळी, देवळे, झाडाखालचे पार, गल्ल्यांची वळणे नोंदवायची. जुनी वस्ती पाडून सरळ रुंद रस्ता काढण्याच्या त्या काळच्या सरकारी पद्धतीला त्यांनी विरोध केला. मोडकळीला आलेली मोजकी घरे काढली, मोकळ्या जागा साफ केल्या, झाडे लावली तरी वस्ती श्वास घेऊ शकते आणि गरिबाचे घर वाचते, हे ते आकड्यांनिशी मांडत. शस्त्रक्रियेत वैद्य जसा कमीत कमी काप घेतो, तसा हा विचार होता.

इंदूरच्या दिवाळीत काय घडले?

होळकरांच्या इंदूर संस्थानात गेडिस काम करत होते तेव्हा तिथे प्लेगची भीती होती. घाण आणि उंदीर यांविषयी भाषणे देण्याऐवजी त्यांनी दिवाळीचा उपयोग केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न जाता ज्या भागातील लोकांनी घरे आणि रस्ते सर्वांत चांगले साफ केले असतील त्या भागातून जाईल, असे जाहीर झाले. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत चुरस लागली. मिरवणुकीत उंदराची आणि रोगराईच्या राक्षसाची प्रचंड सोंगे होती आणि सफाई कामगारांना मानाचे स्थान होते. लोकांना शहर नव्याने पाहायला लावणे, तेही त्यांच्याच सणातून, हा गेडिस यांचा सर्वांत मोठा ‘वर्ग’ म्हणता येईल. इंदूरवरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याआधीचे १९१७ हे वर्ष मात्र त्यांच्यासाठी दुःखाचे ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अॅलस्डेअर फ्रान्समधील युद्धभूमीवर मारला गेला. बातमी आली तेव्हा अॅना भारतात गंभीर आजारी होत्या. गेडिस यांनी ती त्यांना सांगितली नाही. मुलाची जुनी पत्रे ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये कोलकात्यात अॅना यांचे निधन झाले. ज्या मुलाला त्यांनी बागेत आणि डोंगरात शिकवले, ज्या पत्नीने गरीब वस्तीतल्या घरापासून प्रत्येक प्रयोगात साथ दिली, ती दोन्ही माणसे काही आठवड्यांच्या अंतराने गेली.

मुंबईशी नाते काय?

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ पर्यंत ते या पदावर होते. याच काळात, १९२० मध्ये, त्यांनी लिहिलेले जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे सर्वांत नामवंत विद्यार्थी. विद्यापीठाने त्यांना पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले आणि गेडिस यांच्यानंतर विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. घुर्ये स्वतः ग्रंथ आणि जुन्या साधनांकडे अधिक वळले, पण आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी प्रत्यक्ष पाहणीच्या कामाला लावले. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे घुर्ये यांचेच विद्यार्थी. गावात जाऊन, लोकांत राहून समाज समजून घेण्याची परंपरा या दोघांनी पुढे किती समृद्ध केली, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

त्यांच्या मर्यादा कोणत्या?

गेडिस उत्तम वक्ते नव्हते. दाढीत पुटपुटल्यासारखे बोलत, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी घेत. ऐकणाऱ्यांना सूत्र सापडत नसे. अनेक कामे त्यांनी सुरू केली आणि अर्धवट सोडली. पैशाचे गणित तर कायम चुकले. एडिंबरातील उपक्रमांचे कर्ज सांभाळण्यासाठी १८९६ मध्ये मित्रांना वेगळी कंपनी काढावी लागली. त्यांच्या घड्यांच्या कागदावरील आकृत्या जवळच्या शिष्यांनाही पूर्ण उमगत नसत.

शिवाय त्यांच्या पद्धतीत एक खरी अडचण आहे. ती शिक्षकाकडे खूप काही मागते. पाठ्यपुस्तक संपवण्याची आणि गुणांची घाई असलेल्या व्यवस्थेत ती सहज बसत नाही. हीच अडचण आजही आहे.

१९२४ मध्ये ते फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. शहराबाहेरच्या खडकाळ माळावर त्यांनी ‘स्कॉट्स कॉलेज’ उभारले. विद्यार्थ्यांनी आधी आजूबाजूचा प्रदेश पालथा घालावा, मग विषय निवडावा, ही तिथलीही रीत होती. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथेच त्यांचे निधन झाले.

एकाच सहलीत सगळे विषय कसे?

गेडिस यांचे सूत्र आजच्या शाळेला लावायचे तर लांबची बस लागत नाही. शाळेची गच्ची, जवळची टेकडी, ओढा, आठवडी बाजार एवढे पुरते.

भूगोल : सुरुवात उंचावरून करावी. गच्चीवरून किंवा टेकडीवरून गाव पाहून मुलांनी आधी मनाने नकाशा काढावा. मग खाली फिरून तो दुरुस्त करावा. पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हा एक प्रश्न अख्ख्या दिवसाला पुरतो.

विज्ञान : एकच झाड वर्षातून तीनदा पाहावे. एकाच ओढ्याचे पाणी वस्तीच्या वर आणि वस्तीच्या खाली घेऊन फरक नोंदवावा.

इतिहास : एक गल्ली निवडावी. कोनशिलेवरचे वर्ष, वाड्याचे लाकूड, पेठेचे नाव कशावरून पडले, यातून गावाचा कालपट मांडता येतो.

गणित : आठवडी बाजारात एका भाजीचा भाव सकाळी आणि संध्याकाळी टिपावा. सावलीवरून झाडाची किंवा देवळाच्या शिखराची उंची काढावी.

भाषा : सुताराकडे जाऊन करवत, रंधा, पटाशी अशा हत्यारांची नावे आणि त्यांची कामे त्याच्याच शब्दांत लिहून आणावी. जो शब्द पुस्तकात नाही तो वहीत यावा.

नागरिकशास्त्र : आपल्या घरातला कचरा शेवटी कुठे पोहोचतो, याचा माग काढावा. तो उचलणाऱ्या माणसाशी बोलावे.

सहल अभ्यास केव्हा ठरते?

गेडिस यांच्या कामातून तीन कसोट्या निघतात. निघण्याआधी मुलांकडे प्रश्न हवा. ठिकाणे कमी आणि वेळ जास्त हवा. परतल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर नकाशा, चित्र किंवा तक्त्याच्या रूपात भिंतीवर लागायला हवे, म्हणजे दुसऱ्या वर्गातील मुले आणि पालकही ते पाहतील. गेडिस यांच्या प्रत्येक पाहणीचा शेवट प्रदर्शनात होत असे, तो याचसाठी.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती पैशाची. लांबच्या सहलीची वर्गणी न परवडणारी मुले दरवर्षी घरी राहतात आणि त्यांची गैरहजेरी कोणी विचारत नाही. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावरची सहल त्यांनाही घेऊन जाते. उलट ज्याचे वडील बाजारात गाडी लावतात किंवा ज्याची आई शेतावर जाते, ते मूल त्या दिवशी वर्गाला माहिती देणारे ठरते. दप्तराविना दहा दिवसांचे नियोजन करताना शाळांनी दूरच्या ठिकाणांच्या यादीआधी आपल्या गावाचा नकाशा पुढे ओढला, तर धोरणातली कल्पना प्रत्येक मुलापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढेल.